ठिपकीची रेघ

८ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या दुकानात शाळेच्या गणवेशांची झुंबड उडाली आहे हे वाचून बरं वाटलं. इकडे सगळं ठीक. तुझी भावजय माझ्या फाटक्या बुटांवरून रोज बोलते, म्हणजे तिचीही तब्येत उत्तम आहे.

निवृत्तीआधीचं हे शेवटचं वर्ष, आणि मी पुन्हा पाचवीच मागून घेतली. मुख्याध्यापकांनी विचारलं की वरचे वर्ग नकोत का. मी म्हटलं, बिंदू आणि रेषा तेवढ्या मला शिकवू द्या, पुढचं कुणीही शिकवील. परवा फळ्यावर खडूने एक टिंब दिलं आणि सांगितलं की बिंदूला लांबी नाही, रुंदी नाही, त्याला फक्त जागा असते. पहिल्या बाकावर एक एवढीशी मुलगी बसते. नाकावर तीळ आहे म्हणून मी तिला ठिपकी म्हणतो. तिने विचारलं की मग फळ्यावर दिसतंय ते काय. मी म्हटलं, बिंदू कुठे राहतो ते कळावं म्हणून केलेली खूण. त्यावर बाईसाहेबांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, म्हणजे तो घरात आहे पण दार उघडत नाही. अशी पोरं मिळाली की पगार नाही दिला तरी चालेल असं वाटतं. हे तुझ्या भावजयीला कळवू नये.

मग एका बिंदूतून किती रेषा जातात ते विचारलं. कोणी दहा म्हणालं, कोणी शंभर, एकाने खडू संपेपर्यंत असं उत्तर दिलं. दोन बिंदूंतून मात्र एकच जाते, हे काही केल्या पटेना. मी म्हटलं, या, दुसरी काढून दाखवा. एकेक शूर पुढे आला आणि खडू ठेवून मुकाट्याने परत गेला. तो तास मला फार आवडतो.

आता थोडं रडगाणं. वर्गात नवा फळा बसवलाय, त्याला मधे पोक आलंय. मी पट्टीशिवाय या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ मारतो हे तुला माहीतच आहे, शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीतून बघायला येतात. यंदा ती रेघ मधेच झुकते आणि वर्गात खसखस पिकते. शिपायाला दाखवलं तर तो म्हणतो फळा चांगला आहे. पोरांच्या पट्ट्यासुद्धा तसल्याच. कारखान्यात हल्ली काय माल काढतात कोण जाणे. ठिपकीसारखी हुशार मुलगी, पण तिच्या वहीत एक रेषाखंड धड नाही. रोज लाल फुल्या माराव्या लागतात. काल वही घेताना तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

कळावे. गणवेशांच्या ढिगाऱ्यात धाकट्या भावाला विसरू नये.
तुझा,
मास्तर


१७ जुलै

चि. मास्तरास,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. फळा वाकडा, पट्ट्या वाकड्या, पोरीच्या रेघा वाकड्या. एवढ्या मोठ्या शाळेत सरळ असा तू एकटाच उरलास, हे वाचून बहीण म्हणून माझा ऊर भरून यायला हवा होता. तो काही आला नाही. माझ्या दुकानात टीप वाकडी गेली तर मी आधी चष्मा पुसते आणि मग मशीनला नावं ठेवते.

तू मला रेघांच्या कागदावर लिहितोस. या वेळी तुझी प्रत्येक ओळ रेघेवर सुरू होते, मधे रेघ सोडून वर चढते आणि शेवटी खाली येते. तू पाटीवर गिरवत होतास तेव्हापासून मी तुझं अक्षर ओळखते. ते असं कधीच नव्हतं.

मी डॉक्टर नाही. पण तुझा उजवा डोळा लहानपणापासून नावापुरता आहे आणि सगळा कारभार डाव्याच्या जिवावर चालतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्या डाव्याला काही झालं तर तुला तिसरा कोणी देणार नाही. मला भीती वाटते, हे सरळ सांगते. दाराच्या चौकटीकडे बघ, ती सरळ दिसते का ते कळव. नाही दिसली तर सुताराला शिव्या न देता डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. आणि तोवर त्या पोरीला फुल्या मारणं थांबव.

भावजयबाईंना आशीर्वाद. बुटांच्या बाबतीत मी तिच्या बाजूने आहे.
राग आला तरी पत्र लिहीत जा,
ताई


२६ जुलै

ती. ताईस,
सा. न. (वि. वि. आज नाही, कारण मी रागावलो आहे.)

चौकट पाहिली. वाकडी आहे. पण ती पहिल्यापासूनच वाकडी असणार, तो सुतार कसला होता हे तुला सांगायला नको. न्हाणीघरातल्या फरशांचे सांधेही मधे फुगलेत, ते गवंड्याचं कर्तृत्व. एवढ्यावरून माझा डोळा गेला असं ठरवणं म्हणजे कमाल झाली. चष्म्याचा नंबर बदलला असेल. सहामाही परीक्षा झाली की दाखवून येईन. आत्ता रजा घेतली तर पाचवी त्या नव्या मास्तरांकडे जाईल, आणि ते पोरांकडून व्याख्या पाठ करून घेतील. मला ते सोसवणार नाही.

फुल्यांचं म्हणशील तर वाकडं ते वाकडं. एकीला सूट दिली तर बाकीच्यांनी काय पाप केलंय? ठिपकीचे वडील मालट्रक चालवतात. त्यांनी तिला स्टीलची पट्टी आणून दिली. तिने पेन्सिल इतकी दाबून रेघ मारली की पुढच्या पानावरसुद्धा उठली. तरी मधे वळण आहेच. मी तिला समजावलं की हात थरथरतोय, घाई करू नको. ती मान हलवून गेली. हल्ली ती प्रश्न विचारत नाही.

राग दोन दिवसांत जाईल, तोवर लोभ राखून ठेवावा.
मास्तर


२९ जुलै

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे, म्हणून उत्तर माझ्या नावाने वेगळं पाठवा.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी हे फार बडबडले. नंतर मात्र तो विषयच काढत नाहीत. पेपर वाचताना मान तिरकी करतात. पाणी ओततात ते पेल्याच्या कडेवर. परवा शेजारणीशी बोलून आत आले आणि मला विचारलं की तिचा चेहरा सुजलाय का. तिचा चेहरा चांगला होता. काल स्वयंपाकघरातून बाहेर आले तर हे चौकटीसमोर उभे, उजव्या डोळ्यावर हात ठेवून. काय करताय विचारलं तर म्हणाले, सुताराचं काम तपासतोय. मी त्यांचा हात हातात घेतला, तो गार पडला होता.

वन्सं, मी डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येतात. त्यांना डोळ्यापेक्षा वर्ग जाईल याची धास्ती आहे. रोज एकेक दिवस वाया जातोय आणि मला काही सुचत नाही. तुम्हीच काहीतरी करा. तुमच्याशिवाय ते कुणाला वचकतात?

तुमची,
भावजय


४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं दुसरं, दमदाटीचं पत्र पोहोचलं. पण ते हाती पडायच्या आधीच जे व्हायचं ते झालं होतं.

परवा वर्गात रेषाखंडांच्या वह्या तपासत होतो. ठिपकीची वही आली. मी फुली मारली आणि वही तिच्याकडे सरकवली. ती जागेवर गेली नाही. तिने दप्तराच्या पट्ट्याचा उसवलेला दोरा ओढून तोडला, वही माझ्या टेबलावर ठेवली आणि तो दोरा आपल्या रेघेवर ताणून धरला, एक अंगठा या टोकाच्या बिंदूवर, दुसरा त्या टोकाच्या. आदल्याच आठवड्यात मी त्यांना शिकवलं होतं की दोन बिंदूंमध्ये दोरा ताणला की तो सरळच होतो, त्याला दुसरा रस्ताच नसतो.

ताई, तो दोरा मला वाकडा दिसला. खाली मणी ठेवावा तसा मधे उचललेला. मी म्हटलं, आणखी ताण. तिने ताणला. आणखी म्हटलं. तिचे अंगठे पांढरे पडले आणि दोरा तसाच वाकडा. मी जरा डावीकडे पाहिलं तर वळण डावीकडे सरकलं, उजवीकडे पाहिलं तर उजवीकडे आलं. मी जिथे पाहीन तिथे ते माझ्याबरोबर येत होतं. फळ्यावर खापर फोडलं, कारखान्यावर फोडलं, सुतारावर आणि गवंड्यावर फोडलं. ताणलेल्या दोऱ्यावर कसं फोडणार? तसं केलं तर मी आजवर शिकवलं ते सगळं खोटं.

मी तिला म्हटलं, सोड बाळ, तुझी रेघ सरळ आहे. तिने दोरा सोडला आणि लगेच रडायला लागली. इतके दिवस रडली नव्हती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

उद्या डॉक्टरकडे जातो. तुझी भावजय बरोबर येते आहे. मला फार भीती वाटते. उशीर केला आहे हे मला कळतंय, त्यावर आता बोलू नकोस.

तुझा,
धाकटा


९ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
पुष्कळ आशीर्वाद.

बोलत नाही. बोलायचं सगळं मशीनवर काढलं, आज दोन सुया मोडल्या.

डॉक्टर जे सांगतील ते कर आणि त्यांना भूमिती शिकवू नकोस. गणवेश संपले की मी येते. त्या पोरीच्या दप्तराचा पट्टा मी आल्यावर शिवून देईन, मास्तरांच्या बहिणीकडून म्हणून सांग. भावजयबाईला सांग, दोन वेळा पोटभर जेव आणि रात्री झोप. तुझ्यापायी ती दोन्ही विसरली असेल.

काय झालं ते लगेच कळव. दोन ओळी लिही, कशाही चढू देत.
तुझी,
ताई


३ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जाड पेनाने, मोठ्या अक्षरांत लिहितो आहे, म्हणून कागद जास्त लागतील. कुरकुर करू नये.

डोळ्याच्या आत, मागच्या पडद्याखाली पाणी झिरपत होतं. तिथे सूज आली की सरळ वस्तू वाकड्या दिसतात. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या, पण बोलल्या हेडमास्तरासारख्या. आणखी थोडे आठवडे काढले असते तर मधला भाग काळा पडला असता, असं स्पष्ट सांगितलं. औषध थेट डोळ्यात सुईने देतात. ते ऐकून मी खुर्चीतून उठलोच होतो, तुझ्या भावजयीने खांदा दाबून परत बसवलं. सुई दोनदा झाली, पुढेही घ्यावी लागेल. झिरपणं थांबलंय. वाचता येतं, माणसं ओळखू येतात, शेजारणीचा चेहरा पूर्ववत झाला आहे. पण थोडं वळण कायमचं राहील. सरळ रेघ मला यापुढे कधी सरळ दिसणार नाही. भूमितीच्या मास्तराला हे ऐकताना काय वाटलं ते तुला लिहीत नाही, तू समजून घे.

मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं आणि वर्ग काढून घ्या म्हटलं. ते म्हणाले, रेघा पोरं मारतील, तुम्ही शिकवा. मग पाचवीलाही सांगितलं, की माझ्या डोळ्याला सरळ तेही वाकडं दिसतं, फळा चांगला होता, पट्ट्या चांगल्या होत्या, आणि ज्यांना ज्यांना मी फुल्या मारल्या त्यांचं चुकलं नव्हतं, माझं चुकलं होतं. ठिपकीची नाव घेऊन माफी मागितली. मग प्रत्येक जोडीला एकेक दोरा दिला आणि जुन्या रेघा एकमेकांच्या तपासायला सांगितल्या. तो खडू संपेपर्यंतवाला आपली खरोखरच वाकडी रेघ सरळ म्हणून खपवत होता, त्याला शेजाऱ्याने पकडलं. वर्गात इतका गोंगाट झाला की शेजारचे मास्तर डोकावून गेले. मी कुणालाच गप्प केलं नाही.

तास संपल्यावर सगळे पळाले, ठिपकी थांबली. तिने कोऱ्या पानावर दोन बिंदू दिले, त्यांतून रेषा काढली आणि वही माझ्यासमोर धरून विचारलं की आता कशी दिसते. मला खोटं बोलावंसं वाटलं, ताई, फार वाटलं. पण तिच्यापुढे ते जमेना. मी म्हटलं, वाकडी. ती म्हणाली, मग सरळच आहे. आणि माझ्या हातातला लाल पेन काढून घेऊन तिने रेघेखाली स्वतःच बरोबरची खूण केली.

तुझी वाट पाहतो. येताना रागावून ये, पण ये.
तुझा,
मास्तर