प्लॅटिपसचं विष आणि मी

सोमवार, १३ ऑक्टोबर
घाबरणं आजपासून बंद. प्लॅटिपसचं विष अखेर हातात आलं. एकाच नराचं, थेंबभर. माझा गाईड ब्राइस म्हणाला, जपून वापर, विणीचा हंगाम संपला, आता नवं विष पुढच्या हिवाळ्यातच, म्हणजे इथे ऑस्ट्रेलियात जूनमध्ये. माझी स्कॉलरशिप फेब्रुवारीत संपते. म्हणजे हा थेंब हीच माझी पीएचडी. अर्धं वापरायचं, अर्धं फ्रीजरमध्ये राखून ठेवायचं. दूरदृष्टी माझ्यात उपजतच आहे.

मंगळवार, १४
मेरिनला भेटलो. मास स्पेक्ट्रोमीटर तिच्या ताब्यात. आपण प्रोटीनचे तुकडे करून द्यायचे, मशीन त्यांचं वजन करून नावं सांगतं. मागे एकाच्या सॅम्पलमध्ये विषाऐवजी त्याच्याच कातडीचं केराटिन निघालं. तो रिपोर्ट तिनं दारावर चिकटवलाय, नावासकट. मला एवढंच म्हणाली, "स्वच्छ काम कर, बाकी मशीन बघेल." निघताना दाराकडे बघितलं नाही, ते घाई होती म्हणून.

बुधवार, १५
दाढी काढली. ग्लव्ह्जवर ग्लव्ह्ज, डोक्याला टोपी. भुवयांचं काय करावं कळेना, शेवटी टेप लावला. काचेच्या सगळ्या बाटल्या टी-रूममधल्या भांड्यांच्या साबणानं तीनदा घासल्या. इतकी लख्ख काच या इमारतीत कोणी पाहिली नसेल. अर्ध्या विषात प्रोटीन कापणारं ट्रिप्सिन घालून ठेवलं, उद्यापर्यंत तुकडे होतील.

गुरुवार, १६
बारा ट्यूब मेरिनकडे जमा केल्या. फॉर्मवर प्रश्न होता: डिटर्जंट वापरलं का? 'नाही'वर छातीठोकपणे टिक केली.

शुक्रवार, १७
सूचनांचं पत्रक वाचलं. (आधी वाचणार होतो, पण भुवयांत वेळ गेला.) पान चार: काच साबणानं कधीही धुवू नये. साबण मशीनमध्ये गेला तर प्रोटीन झाकली जातात, आणि पुढचे कित्येक दिवस सगळ्यांच्याच सॅम्पलमध्ये साबण दिसत राहतो. अर्थात, भांड्यांचा साबण म्हणजे डिटर्जंट का, हा वादाचा मुद्दा आहे.
४.१०: बाटलीवरचं लेबल वाचलं. वाद मिटला.
सोमवारी नऊला मेरिनला सगळं सांगायचं. ठरलं म्हणजे ठरलं.

सोमवार, २०
९.००: तिच्या दारावर कागद. मशीन बंद, कारण शोधतेय.
९.०१: परत आलो.
ब्राइसला सहज विचारलं, मशीन बिघडवणाऱ्याचं काय होतं? तो म्हणाला, "मेरिन त्याच्या थीसिसच्या पानांनी मशीन पुसून घेते." आणि खो खो हसला. मीही हसलो. मग जिन्यात बसावं लागलं.

मंगळवार, २१
मेरिन कॉरिडॉरमध्ये समोरून आली. वीस मिनिटं टॉयलेटमध्ये काढली. बाहेर पडलो तर पार्किंगमध्ये मॅगपाय पक्ष्यानं डोक्यावर चोच मारली. ऑक्टोबरात, घरट्यांच्या दिवसांत, ते सगळ्यांनाच मारतात, पण याला काहीतरी कळलं होतं. जेवण गेलं नाही.

बुधवार, २२
शांत डोक्यानं विचार केला. फ्रीजरमधलं उरलेलं विष कोणी तपासलं, तर त्यात साबण नाही हे दिसेल. म्हणजे साबण माझ्याच हातून गेला हे सिद्ध होईल. हा एकमेव पुरावा. दुपारी ते कचऱ्याच्या पिशवीतून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेनं सगळं शिजवून नष्ट करणाऱ्या यंत्रात, टाकलं आणि बटण दाबलं. प्रसंगावधान राखल्याचं समाधान वाटलं.

सोमवार, २७
पाच दिवस झोप नाही. दार वाजलं की जीव जातो. शेवटी सकाळी मेरिनकडे गेलो आणि साबणाचं सगळं सांगून टाकलं.
"तुझ्या ट्यूब मी अजून उघडल्यासुद्धा नाहीत," ती म्हणाली. "रांगेत एकतिसावा आहेस तू. मशीनचा पंप गेला होता, जुनाच होता तो. तू कशाला एवढा सुकलायस?"
मला रडूच आलं. तिनं टिश्यू दिला. साबण सगळेच कधी ना कधी वापरतात म्हणाली, तिनंही वापरला होता.
"या बारा ट्यूब टाकून देऊ. अर्धं विष राखून ठेवलंयस ना, ब्राइस सांगत होता. शहाणपणा केलास. जेवण झालं की घेऊन ये, दोघं मिळून नीट करू."
मी म्हणालो, आणतो.
नेताना वितळू नये म्हणून तिनं बर्फाचा डबाही भरून दिला. पावणेदोन वाजलेत. डबा घेऊन फ्रीजरपाशी उभा आहे.