रेतिरोचं डुक्कर आणि पथ्याची वही

तळ्याकाठून, उकायाली
मंगळवार सकाळ, चुलीवर मासे (बिनमिठाचे)

वडीलधाऱ्या ओतिलियाताईस धाकट्या नेलिदाचा वाकून नमस्कार. लीमाच्या त्या धुक्यात देव तुझी हाडं कोरडी ठेवो.

तुझा गुडघा कसा आहे? कोमट तेल चोळून फडकं बांधतेस ना, की तुमच्या प्रार्थनागृहातल्या पास्टरनं हात ठेवला की झालं? (थट्टा केली, रागावू नकोस.) भाऊजींचा खोकला थांबला का? आमच्याकडे सगळे ठीक. परवा रविवारी आपला फोन मध्येच कापला गेला, ते मनाला लावून घेऊ नकोस. तू कांदा चिरत होतीस, मी नुसती "बोल, बोल" म्हणत होते, आणि मग खरखर सुरू झाली. इथला टॉवर पहिल्यापासून लहरी आहे. म्हणून हे पत्र. शेजारची एउफेमिया डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लीमाला निघाली आहे, गुरुवारी तुझ्या हातात देईल. तिला सध्या एकाच डोळ्यानं दिसतं आणि तोही वाचणारा डोळा नाही, तेव्हा निर्धास्त लिहिते. शिवाय फोनवर आपल्या वडिलांच्या, पापांच्या, वैदूगिरीचा विषय निघाला की तू "प्रभूची स्तुती असो" म्हणून ठेवून देतेस. पत्राला तसं करता येत नाही. आधीच सांगते, या पत्रात मागणं काही नाही. नुसती खुशाली.

तर ताई, झालं असं. महिन्याभरापूर्वी सेगुन्दो होडीला रंग घ्यायला पुकाल्पाला गेला आणि येताना बातमी घेऊन आला, "पुढच्या महिन्यात पाच परदेशी पाहुणे येतायत. रेतिरोला. आपल्याकडेच उतरणार." आता तूच सांग, रेतिरो म्हटल्यावर तुझ्या-माझ्या डोळ्यांसमोर काय येतं? शाळेतल्या सिस्टर, तीन दिवस मौन, गुडघे सोलवटेस्तोवर जपमाळ, आणि शेवटच्या दिवशी पोटभर जेवण. दरसाल चर्चच्या रेतिरोच्या बायका माझ्याच ओसरीवर झोपतात, त्यामुळे शंका यायला जागाच नव्हती. नंतर मी सेगुन्दोला फैलावर घेतलं तर तो म्हणतो, "मी रेतिरो सांगितलं. कसला रेतिरो ते विचारायचं काम तुझं. बँकेतून पैसे काढतात त्यालाही रेतिरोच म्हणतात, तू तरी पाहुण्यांना बँकेत नेलं नाहीस हे नशीब." (सत्तावीस वर्षं संसार केला या माणसाशी. स्वर्गात माझी खुर्ची पुढच्या रांगेत असणार.)

पाहुणे आले त्या शुक्रवारी पापा वेल आणि पानं आणायला रानात गेलेले होते, तीन दिवस यायचे नव्हते. मला वाटलं, बरंच झालं, चर्चच्या माणसांसमोर त्यांचा रानतंबाखूचा धूर नको. मी आपलं डुक्कर कापलं. (तेच, पांढऱ्या कानाचं, नाताळसाठी राखलेलं.) मांस दिवसभर धुरावर धरलं, कच्ची केळी भाजून चरबीत कुटली, मुठीएवढे गोळे वळले, वर मिरचीचा ठेचा. होडीतून पाच जण उतरले. सगळे रोडावलेले, डोळे खोल गेलेले. मनात म्हटलं, किती उपास करतात बिचारे, आमच्याकडच्या बायका रेतिरोच्या आदल्या दिवशी तट्ट फुगून येतात. पानं वाढली. पाचही जण पानाकडे असे बघत बसले, जसा आमचा पाद्रे अन्सेल्मो दानपेटीतल्या फाटक्या नोटेकडे बघतो. त्यांच्यात योस्त म्हणून एक उंच डच गृहस्थ आहेत, दारातून आत यायचं तर दोनदा वाकतात. त्यांनी खिशातून एक कागद काढला, वाचला, घडी घातली, परत ठेवला. मी म्हटलं, "लाजू नका, पुढे तीन दिवस कष्टाचे आहेत." त्यांना वाटलं, ही गुरुजींच्या घरची बाई, वाढतेय म्हणजे यातही काही अर्थ असेल. खाल्लं. योस्तनी तर डोळे मिटून खाल्लं, मला वाटलं प्रार्थना करतायत. नंतर कळलं, चौदा दिवसांनी मीठ तोंडात गेलं होतं.

शनिवारी पहाटे पाचला मी घंटा वाजवून सगळ्यांना उठवलं आणि चर्चमध्ये नेऊन गुडघ्यावर बसवलं. पूर्ण जपमाळ, मग मौन, मग पाप आठवण्याचा तास, मग पुन्हा जपमाळ. पाचांपैकी एकानंही हूं की चूं केलं नाही. आमच्या बायका माळेतल्या तिसऱ्या दहा मण्यांना कंबर धरून उठतात, हे पाचजण पुतळ्यासारखे. पाद्रे अन्सेल्मोंचे डोळे भरून आले. त्यांनी रविवारच्या प्रवचनात गावाला चांगलं झापलं, "सातासमुद्रापलीकडून माणसं येऊन गुडघे टेकतात आणि तुम्हाला शेजारच्या गल्लीतून येववत नाही!" बिशपांना पत्रही लिहून टाकलं म्हणे. मी या सगळ्या काळात वही ठेवली होती, तुला माझी सवय माहीत आहे. कोण किती वाजता उठलं, कुणी किती माळा जपल्या, कुणी काय खाल्लं, किती तुकडे. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत हिशेबाला मला पैकीच्या पैकी होते ते काही उगाच नाही.

सोमवारी दुपारी पापा आले. खांद्यावर वेलीची मोळी, पाठीवर पानांची टोपली. ओसरीत पाय ठेवला आणि नाक वर करून थांबले. "नेली," म्हणाले, "घरात डुक्कर कुणी आणलं?" मी मोठ्या आनंदानं सांगितलं, रेतिरोच्या पाहुण्यांसाठी. पापा खालीच बसले. मग त्यांनी मला सांगितलं की हे पाच जण देवाकडे नाही, वेलीकडे आले आहेत, पापांच्या गाण्यांसोबत प्यायच्या त्या कडू काढ्याकडे. त्यांना मीठ, साखर, मिरची, चरबी, दारू आणि डुक्कर, सगळं वर्ज्य. डुक्कर तर सगळ्यात आधी. ताई, जन्मापासून त्या घरात वाढले मी, पथ्याच्या हंड्या घासून हात झिजले, आणि माझ्याच हातून हे! मी वही काढून समोर ठेवली, दुसरं काय करणार. पापांनी चष्मा लावून वाचलं. हालिनाबाई, दोन तुकडे. योस्त, सात. "एका तुकड्याला एक दिवस," पापा म्हणाले. योस्तच्या सातापायी काढा पाजायचा सगळ्यांचा शनिवार एक आठवडा पुढे गेला. मग माझ्याकडे बघून, "आणि स्वयंपाकिणीचंही पथ्य. हात खारट असला की पातेलं खारट होतं."

तेव्हापासून नऊ दिवस झाले, माझ्या तोंडाला मीठ नाही. उकडलेली केळी, उकडलेले मासे, उकडलेलं पाणी. पहिले तीन दिवस सेगुन्दोशी भांडले. (त्याला पथ्य नाही, पण पथ्याच्या घरात नवराबायकोनं एका छपराखाली झोपायचं नसतं, म्हणून तो होडीत झोपतो. गावभर झालंय की मी त्याला हाकललं. तीन बायका येऊन "बरं केलंस" म्हणून गेल्या.) चौथ्या दिवसापासून भांडण गेलं आणि जुन्या गोष्टी आठवायला लागल्या. मीठ सुटलं की असंच होतं बहुतेक. आपली आई, मामा, अंगणात बसून माझ्या केसातल्या उवा काढायची ते आठवलं. तू चौदा वर्षांची, पापांच्या शेजारी पाय दुमडून बसायचीस, त्यांच्या मागोमाग गाणी म्हणायचीस ते आठवलं. मलाही शिकायचं होतं, पण पापा म्हणाले, या पोरीच्या आवाजाला होडीची मोटर म्हणतात, हिला चुलीकडे पाठवा.

पाद्रे अन्सेल्मोंना मी कन्फेशनमध्ये सगळं सांगितलं. मग म्हणाले, "बाई, उपास करतायत?" हो म्हटलं. "खोटं बोलत नाहीत, पीत नाहीत, भांडत नाहीत?" नाही म्हटलं. "मग माझ्या गावातल्यांपेक्षा बरेच आहेत. बिशपांना मी दुसरं पत्र लिहीत नाही." योस्त अजूनही पहाटे स्वतःहून माळेला येतात. म्हणतात, गुडघे दुखले की डोकं गप्प राहतं.

पण मला सगळ्यात काळजी आहे ती हालिनाबाईंची. पोलंडच्या, शाळामास्तरीण होत्या, स्पॅनिश पुस्तकातून शिकलेल्या, त्यामुळे "कृपया मला सुरी प्राप्त होईल काय" असं बोलतात. त्यांचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून त्यांना रडू येत नाही. एक टिपूससुद्धा नाही. सेगुन्दोच्या भाजीचे कांदे त्या हट्टानं स्वतः चिरतात. सगळे चिरतात, माझे डोळे ओसरीवरून वाहायला लागतात, त्यांचे कोरडे. काल म्हणाल्या, "नेलिदाबाई, आपले कांदे सशक्त आहेत, दोष माझा आहे." मी त्यांचा हात धरून उभी राहिले.

आणि पापा. गेल्या पावसाळ्यातल्या तापानंतर त्यांची गाणी विरत चालली आहेत, हे तुला मी कधी सांगितलं नाही. रोज दुपारी आंब्याखाली वेल खरवडत बसतात आणि म्हणत राहतात. उघडायचं गाणं येतं. मधली येतात. झाकायचं गाणं, जे म्हटल्यावर माणूस परत आपल्या अंगात येऊन बसतो, ते सुरू करतात आणि दुसऱ्या ओळीवर, रोज त्याच जागी, थांबतात. परवा मला राहवलं नाही. मी म्हटलं, पापा, पुढे मरियेचं स्तोत्र लावून बघा, तीही आईच आहे. पापा हसले. "पोरी, ते फार चांगलं औषध आहे. पण दुसऱ्या रोग्याचं." मग खरवडायचं थांबवून म्हणाले, "झाकण नाही ती हंडी चुलीवर ठेवतात का? शनिवारपर्यंत आठवलं तर पाजीन. नाही आठवलं तर या पाचांची क्षमा मागून परत पाठवीन आणि चिलीम तळ्यात टाकीन." रागानं नाही म्हणाले. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं म्हणाले. पाहुणे मला विचारतात, गुरुजी मध्येच का थांबतात? मी सांगते, तेही मौनच आहे. (खोटं बोलल्याचं वहीत लिहून ठेवलंय. चार वेळा.)

अकरा वर्षांपूर्वी मामाच्या मातीला, सगळ्या गावासमोर, तू जे बोललीस, की मामाला देवानं नाही, पापांच्या काढ्यातल्या सैतानानं नेलं, ते मी इथे उकरून काढत नाही. तुझी आई गेली होती, माझीही गेली होती. पापांनी त्यावर एक शब्द काढलेला नाही, तुला ना मला. फक्त तुझं बसायचं ठोकळ्याचं आसन त्यांनी आंब्याखालून हलवू दिलेलं नाही. कोंबड्या त्यावर बसतात. मी हाकलते.

असो. मासे झाले. भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, तुमच्या पास्टरलाही सलाम सांग.

तुझी धाकटी,
नेलिदा

ता. क. वहीत मी सगळ्यांचे तुकडे लिहिले, माझ्या नावापुढची जागा कोरी ठेवली. चव बघायची म्हणून खाल्ले ते नऊ होते. पापांना सांगितलं. म्हणाले, "माहीत होतं, तुझी हनुवटी चकाकत होती."

ता. क. दुसरा. टॉवरला काही झालं नव्हतं. तू कांदा चिरता चिरता गुणगुणत होतीस. तुला बहुतेक कळलंही नसेल. प्रार्थनागृहातलं असेल म्हणून मी आधी लक्ष दिलं नाही, मग दुसरी ओळ आली, आणि तू थांबली नाहीस, तिसरी म्हणालीस, चौथी म्हणालीस. पापा शेजारीच बसले होते. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि दोन्ही हातांनी कानाशी धरला. तू मग "नेली? नेली, ऐकू येतंय का?" करत राहिलीस. त्यांना ऐकू येत होतं. त्यांना बोलता येत नव्हतं. खरखर होती ती त्यांच्या श्वासाची. मी नंतर विचारलं, फोनवरच मागून घेऊ का ताईकडून पूर्ण? तर म्हणाले, तारेतून आलेलं गाणं वेलीला ऐकू येत नाही, ते शेजारी बसूनच म्हणावं लागतं. आणि मग, "ती यायची नाही. बोलावू नकोस." म्हणून मी बोलावत नाहीये. आज्ञा मोडणारी मी नव्हे.

ता. क. तिसरा. गुरुवारी संध्याकाळची बस शुक्रवारी दुपारी पुकाल्पाला पोचते. सेगुन्दो होडी घेऊन बंदरावर उभा राहील. नाहीतरी तो होडीतच राहतो. काढ्याला तोंड लावू नकोस, कुणी लावायला सांगणार नाही. नुसती आंब्याखाली बस, कोंबड्या मी हाकलून ठेवते. फक्त हे वाचून झालं की मीठ सोड, आणि बसमध्ये डुकराचं काही देतील ते घेऊ नकोस. तुझ्या नावाचं पान मी वहीत उघडलंय, पहिला दिवस गुरुवार लिहिलाय. शाईनं लिहिलाय, खोडता येणार नाही.