नसलेल्या बॉलवर नेम

मामा, आज सकाळी देवपूजा आटपून शेडमध्ये गेले, काठी घेतली आणि टेबलावर लांबच्या कोपऱ्यातला तो बारीक कट मारला. पांढरा बॉल पिवळ्याला नुसता पुसून गेल्यासारखा गेला आणि पिवळा कडेकडेनं सरकत पॉकेटात उतरला. अंगावर काटा आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पिकले, तरी हा काटा यायचा काही थांबत नाही. सांगायला तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे, म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर लिहायला बसले.

तुम्ही माझे सासरे, पण शेडमध्ये येताना सासरेपण चपलांबरोबर बाहेर ठेवायचात. पलटणीच्या मेसमधून रिटायर होताना तिथलं कंडम झालेलं पूल खेळायचं सहा भोकांचं टेबल तुम्ही ट्रकातून पलूसला आणलंत, आणि ट्रॅक्टर उन्हात उभा करून टेबल शेडच्या सावलीत घेतलंत. सासूबाई, म्हणजे आत्या, त्यावरून किती दिवस तुमच्याशी बोलल्या नव्हत्या. घरचा हिशोब माझ्याकडे, त्यामुळे ह्या वस्तूचा उपयोग काय हे मलाही कळत नव्हतं. मग तुमच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेलीही जाईल, असं मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तिथून आलात त्या दुपारी मी स्वयंपाकघरात गोडंतेल डब्यातून बाटलीत ओतत होते, नरसाळं न लावता. तुम्ही दारात उभे राहून बघत होतात. म्हणालात, "पोरी, तुझी नजर सरळ हाय. मला दिसतंय तवर त्यो बारीक कट एकदा मारून दाव." मेसमधल्या एका साहेबांनी तो तुम्हाला शिकवला होता. तुम्हाला आता नेम धरवत नव्हता, पण नजर जायच्या आत तो पुन्हा एकदा बघायचा होता. मी मॅट्रिक झालेली, कोन शाळेत काढलेले. मला वाटलं, यात काय अवघड आहे.

सरळ बॉल मला लवकर जमला. कट मात्र जमेना. पॉकेटाकडून पिवळ्यातून आरपार एक रेघ मनात काढायची, ती पलीकडे जिथं बाहेर पडते तिथं पांढरा लागला पाहिजे, एवढं मला कळलं होतं. मी त्याच जागेवर नेम धरायचे आणि दर वेळी पिवळा जाड, म्हणजे मधल्या अंगाला, लागून भलतीकडे जायचा. तुम्ही टेबलाच्या टोकाला मान तिरकी करून उभे, कारण तुम्हाला समोरचं दिसायचं, बाजूचं दिसायचं नाही. आत्या दारातून म्हणायच्या, "भाकरी तव्यावर आन् सूनबाईचं ध्यान भोकात." तुम्ही त्यांना म्हणायचात, करपलेली मला वाढ. आणि खरंच खायचात.

दसरा आला. घरातल्या विळ्या-कोयत्यांना, ट्रॅक्टरला हळदीकुंकू लावलं, तसंच मी टेबलालाही लावलं. पांढऱ्या बॉलवर ओल्या कुंकवाची पाच बोटं चौफेर ओढली. तुम्ही तसाच तो मला मारायला लावलात आणि मग हिरव्या कापडावर उमटलेले लाल डाग बघून माझ्यावर ओरडलात. सासरे म्हणून तेवढं एकदाच ओरडलात. मी पदराचं टोक भिजवून पिवळा पुसायला घेतला तर म्हणालात, थांब. तो बॉल डोळ्याच्या अगदी जवळ नेलात. त्याच्यावर एक लाल ठिपका होता, आणि मी नेम धरला होता त्या जागेपासून तो बराच आत, जाड अंगाला होता.

पांढराही गोल आहे, हे मी विसरत होते. त्याचा मध्य जिथं रोखला तिथं पोचायच्या आधीच त्याची कड लागते. तुम्ही पांढरा उचलून पिवळ्याला चिकटवून ठेवलात, पॉकेटाच्या बरोबर उलट्या बाजूला. मग अलगद काढून घेतलात. तिथं नुसतं कापड राहिलं.

"आता हितं बॉल हाय. दिसत न्हाई, पन हाय. त्याच्या जागेवर पांढरा नेऊन ठेव."

मी विचारलं, "देवासारखं का हो मामा?"

"देवाचं तुझं तू बघ. मी बॉलचं सांगतोय."

मी वाकून त्या कोऱ्या जागेकडं बघत राहिले आणि हळूहळू तिथं एक गोल दिसायला लागला. काहीच नव्हतं, आणि त्याच्यावरच नेम धरायचा होता. त्या दिवसापासून कट पडायला लागले, पण तुम्हाला हवा असलेला बारीक पडेना. दिवाळी गेली, ऊस तोडून झाला, आणि एका सकाळी चहा घेताना तुम्ही कप उचलायला म्हणून कपाच्या शेजारी हात ठेवलात. मला समजलं. माझ्या हातून उशीर झाला होता.

तरी तुम्ही शेडमध्ये येत राहिलात, टेबलाची कड धरून. आणि मग तो कट बसला. लागल्याचा आवाज जेमतेम आला. तुम्ही कडेकडेनं चालत कोपऱ्यापर्यंत गेलात, जाळीत हात घालून पिवळा बाहेर काढलात. परत येऊन विचारलंत, कुठनं लागला. मी सुनेची रीत सोडून तुमचं बोट धरलं आणि कापडावर त्या जागी टेकवलं. तुम्ही बोट न उचलता तिथं वाकलात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते तुम्हाला दिसलं नाही. तुमचा चेहरा मात्र बघत असलेल्या माणसाचा होता.

"व्हय," म्हणालात. "हितंच असतो त्यो."

हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही, घडी करून इथंच राहील. एक मात्र कुणाला सांगितलेलं नाही. आरतीला डोळे मिटले की देवाची मूर्ती डोळ्यांपुढं आणायची, असं मी लहानपणापासून करत आले. आता मूर्तीच्या आधी ते हिरवं कापड येतं, आणि त्यावरची ती मोकळी जागा. मी मूर्तीला बोलवायची घाई करत नाही.