गाडी मी आतच का लावते

प्रिय भिंगरी,

परवाचा तुझा निरोप ऐकला. "आई, गाडी बाहेर लावत जा ना. त्या बिळात घालायचा हट्ट कशाला? कुठेतरी आपटशील, मग मी दोघांना कशी सांभाळू?" तुझं काही चुकलं नाही. दोन्ही दारांवर ओरखडे उठलेत, डावा आरसा चिकटपट्टीच्या कृपेनं तग धरून आहे. बाहेर ऐसपैस जागा आहे, झाडाची सावली आहे, कुणाची आडकाठी नाही. तरीसुद्धा मी गाडी आतच लावते आणि लावत राहणार. का, ते फोनवर सांगायला दोनदा तोंड उघडलं होतं. पण एकदा तुझं स्टेशन आलं आणि एकदा मीच फोन ठेवून दिला. म्हणून आज बाबा जेवून आडवे झाल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लिहायला बसले आहे.

ते गॅरेज तुला आठवतंच. बाबांनी बांधलं तेव्हा आपली पहिली गाडी होती, काडेपेटीएवढी. पुढे गाडी वाढली, गॅरेज काही वाढलं नाही. आत गाडी उलटीच घालावी लागते, कारण समोर उतार आहे. दोन्ही बाजूंना दार जेमतेम किलकिलं होईल एवढीच जागा उरते. गाडी आत की बाहेर, यावरून आम्ही दोघं किती भांडलोय ते तू लहानपणापासून ऐकलं आहेस. मी म्हणायची, बाहेर राहिली तर काय तिला सर्दी होणार आहे? बाबा म्हणायचे, "जी आपल्याला वाहून नेते तिला उघड्यावर टाकायचं नसतं." आणि मग एका दमात, एकदाही पुढे न येता, गाडी आत. एकतीस वर्षं फेरीबोटीवर गाड्या चढवण्याचं काम केलेल्या माणसाला आपलं गॅरेज म्हणजे पोरखेळ.

बाबांना पक्षाघाताचा झटका आला आणि गाडी शिकायची वेळ माझ्यावर आली. साठीच्या उंबरठ्यावर क्लच आणि ब्रेक यांची ओळख करून घेणं म्हणजे काय, ते माझ्या शिकवणाऱ्या बाईंना विचार. बिचारी दर वळणावर डोळे मिटून घ्यायची. पण बाबांना दवाखान्यात न्यायचं तर इलाज नव्हता. पुढे जायला मी शिकले. मागे यायचं मात्र जमेना, म्हणून गाडी बाहेरच असायची. रोज संध्याकाळी बाबा खिडकीतून तिच्याकडे बघत बसायचे. काही म्हणायचे नाहीत. म्हणणार कसे?

त्या आजारपणात येऊन तू परत गेलीस, त्यानंतरचं तुला फारसं सांगितलेलं नाही. बाबांच्या हाताला थोडी ताकद आली, काठी घेऊन चालू लागले, पण वाचा जी गेली ती गेलीच. सगळं समजायचं, मनात सगळं जागच्या जागी होतं, तोंडातून मात्र "तेते" एवढंच. पाणी हवं तरी तेते, दिवा घालव तरी तेते. बोलण्याचे उपचार करणारी जी मुलगी आहे, तिला मी वाचाताई म्हणते. ती फार गुणी आहे. ती समोर चित्रं मांडायची. कप, कंगवा, किल्ली. बाबा किल्लीच्या चित्राकडे बघत राहायचे, कपाळावर घाम यायचा, ओठ हलायचे आणि शेवटी तेते. एके दिवशी त्यांनी सगळी चित्रं हातानं बाजूला सारली आणि भिंतीकडे तोंड केलं. तू व्हिडिओवर "सुट्टीत येऊ का?" विचारलंस, तेव्हा त्यांनी मान हलवून नाही म्हटलेलं तू पाहिलंस. त्यानंतर तू फोनवर नळाचं विचारतेस, गॅसचं विचारतेस, गाडीचं विचारतेस. बाबांचं अगदी शेवटी विचारतेस आणि मी उत्तर देईपर्यंत "चल, ठेवते" म्हणतेस. बाळा, मला कळतं. ज्या माणसानं तुला हजार नावांनी हाका मारल्या, त्याच्या तोंडून तेते ऐकायला छाती लागते. माझीही पुरायची नाही.

आता त्या दुपारचं ऐक. दवाखान्यातून आम्ही परत येत होतो. आभाळ भरून आलेलं, दुपारीच दिवे लावावेत असं. घरासमोर आलो आणि टपावर पहिली गार आपटली. मग दुसरी, मग विचारूच नकोस. सुपारीएवढ्या गारा! बाबांना धरून गॅरेजच्या छपराखाली नेलं आणि म्हटलं, "चला घरात, भिजू दे गाडी." तर हे हलायला तयार नाहीत. काठी जमिनीवर आपटायला लागले. काठीनं गाडी दाखवायची आणि मग गॅरेज दाखवायचं. म्हटलं, आजारी माणसाशी वाद नको. एक बाजू घासली गेली तरी बेहत्तर. डोक्यावर पर्स धरून धावले, गाडीत बसले, रिव्हर्स टाकला आणि डोळे जवळजवळ मिटलेच.

आणि मागून आवाज आला, "येऊ दे!"

मला वाटलं शेजारचे पोस्टमास्तर असतील. पण पोस्टमास्तरांचा आवाज पिपाणीसारखा. हा आवाज भरदार होता, खालच्या पट्टीतला. गारांच्या त्या तडतडाटावरून माझ्यापर्यंत सरळ पोचत होता. आरशात बघितलं. बाबा. गाडीच्या मागे नाही हं, गॅरेजच्या दाराशेजारी छपराखाली, मला आरशात दिसतील असे उभे. काठी भिंतीला टेकवलेली, पाठ ताठ, डावा हात वर. "येऊ दे, येऊ दे... डावीकडे मार... अजून... सरळ घे... येऊ दे, येऊ दे..." भिंगरी, माझे हातपाय माझे राहिलेच नाहीत. तो आवाज सांगत होता तसं स्टिअरिंग फिरत होतं. दोन्ही भिंती शेजारून गेल्या, चाटून गेल्या म्हण, पण लागल्या नाहीत. "बस्स!" मी ब्रेक दाबला आणि तशीच स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसून राहिले. छपरावर गारा कोसळत होत्या. मला वाटलं, देव प्रत्यक्ष येतो म्हणतात तेव्हा असाच आवाज होत असेल.

कशीबशी दारातून अंग काढून बाहेर आले. बाबांचे डोळे विस्फारलेले. माझ्याहून जास्त धक्का त्यांनाच बसला होता. ते माझ्याकडे बघून काहीतरी सांगू लागले, आणि आलं ते पुन्हा तेते. तेते, तेते. त्यांचा चेहरा पडत चाललेला मला बघवेना. मग मी काय केलं असेल? तुझी आई ना मी! पुन्हा गाडीत बसले आणि त्या गारांमध्ये गाडी बाहेर काढली. टपावर ढोल वाजत होता. पुन्हा रिव्हर्स टाकला. आणि पुन्हा आवाज आला, "येऊ दे!" तिसऱ्यांदा बाहेर काढली तेव्हा पोस्टमास्तर छत्री घेऊन फाटकाशी आले. "वहिनी, गाडी आत घ्यायची आहे की बाहेर? एकदा काय ते ठरवा!" टपावर जे खळगे पडलेत ते त्या दिवसाचे. ते मी कधीही दुरुस्त करणार नाही.

दुसऱ्या दिवशी वाचाताई मुद्दाम घरी आली. मी गाडी बाहेर काढून आत घेतली, ती फाटकाशी हाताची घडी घालून बघत होती. संपल्यावर गॅरेजपर्यंत चालत आली. मग म्हणाली, "काकू, पुस्तकात हे वाचलंय मी. डोळ्यांनी आज बघितलं." तिनं समजावलं ते असं. विचार करून शब्द शोधायची मेंदूतली जी वाट असते, त्या वाटेवर दरड कोसळली आहे. पण जे शब्द माणूस आयुष्यभर न शोधता बोलला, शिव्या, मोजणी, कामातल्या हाका, ते भलत्याच पायवाटेनं येतात. त्या पायवाटेला धक्का लागला नव्हता. फक्त तिच्यावर चालायचं कारण त्यांना कुणी दिलं नव्हतं. चित्रातली किल्ली बघून कुणी "येऊ दे" म्हणेल का गं?

त्या रात्री मला ती जुनी सकाळ आठवली. तुला कधी सांगितली नसेल. लग्नाआधी मी पलीकडच्या काठावर एका कपड्याच्या दुकानात शिवणकामाला जायची. एका सकाळी धुकं एवढं होतं की आमच्या बसच्या ड्रायव्हरला मागची बोट दिसेना. बस उलटी बोटीवर घ्यायची होती, खाली पाणी होतं. बायका रडायला लागल्या, एक बाई खाली उतरते म्हणून दार उघडू बघत होती. तेवढ्यात धुक्यातून आवाज आला. "येऊ दे... येऊ दे..." इतका शांत, की जणू कुणी झोका देतंय. सगळी बस गप्प झाली. चाकं लाकडावर लागल्याचा आवाज आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी मघापासून त्या आवाजाच्या तालावर श्वास घेते आहे. माणूस मी नंतर बघितला. लग्न मी त्या आवाजाशी केलं.

आणि आता गंमत ऐक. त्या चार-पाच शब्दांवर आमचं घर चालतं! वाचाताई म्हणाली, हेच शब्द दुसऱ्या कामाला लावा. चहा ओतताना मी थांबून बघते. "येऊ दे... येऊ दे... बस्स." पडदा सरकवायचा तर "डावीकडे." उशी वाकडी झाली की "सरळ." परवा पोस्टमास्तर गप्पा मारत बसले ते उठेचनात. बाबांनी दाराकडे हात केला आणि म्हणाले, "सरळ!" पोस्टमास्तर हसत हसत सरळ घरी गेले. तेते अजून आहेच. किल्ली अजून येत नाही, आणि वाचाताई खोटी आशा लावत नाही. पण संध्याकाळी गाडी आत घ्यायची वेळ झाली की बाबा स्वतः चपला घालतात. शेजारपाजारची माणसं आपापल्या फाटकाशी येऊन उभी राहतात. ज्याला महिनोन्‌महिने मुका समजले होते, त्याचा आवाज ऐकायला येतात. कुणी टाळ्याबिळ्या वाजवत नाही. नुसते ऐकतात. आता मला रिव्हर्स चांगला जमतो, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

हे सगळं कधीतरी सावकाश लिहिलं असतं. आजच लिहायला बसले ते कालच्यामुळे. काल दुपारी मी धीर करून बाबांना विचारलं, "सुट्टीत तिला बोलावू का?" तुझं नाव ऐकल्याबरोबर त्यांनी नेहमीसारखं तोंड भिंतीकडे फिरवलं. मी म्हटलं, "अहो, तिला तुमच्याकडून भाषण नकोय. तिला तिचा बाप बघायचाय." मी त्यांची चादर सारखी केली. मला वाटलं, झोपले. मी उठणार, तेवढ्यात त्यांनी भिंतीकडे तोंड असतानाच डावा हात वर केला, पंजा स्वतःकडे वळवला आणि हळू म्हणाले, "येऊ दे." नुसत्या सवयीनं आलं असेल म्हणून मी पुन्हा विचारलं, "कुणाला? भिंगरीला?" ते माझ्याकडे वळले. डोळे भरलेले होते. "येऊ दे," म्हणाले. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे." थांबतच नव्हते गं. मी त्यांचा हात हातात घेतला तरी थांबले नाहीत. बाळा, तिकीट काढ. स्टेशनवर न्यायला मी येते.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
आई