पठारावरची बाई

८ जानेवारी, म्हैसूर

यांच्या पुस्तकातली 'शिकणारी बाई' म्हणजे मी. आज कळलं. हे जाऊन वर्ष होत आलं तेव्हा कळलं.

त्यांच्या कपाटातलं एकेक पुस्तक वाचते आहे. दुसरं काय करू? आज त्यांचं स्वतःचं काढलं. चौथ्या प्रकरणात एक तुळू बोलणारी बाई लग्न होऊन म्हैसूरला येते आणि स्वयंपाकघरात कन्नड शिकते. दूधवाल्याशी काय बोलली, सासूला काय म्हणाली — तिच्या चुका पानोपानी. मग लिहिलंय, चौथ्या वर्षी तिची प्रगती थांबली. साध्या प्रश्नालाही एका शब्दात उत्तर. याला म्हणे 'पठार' म्हणायचं. दुसरी भाषा शिकणारा तिथे येऊन बसला की बसलाच.

चौथ्या वर्षी आमची रेवती गेली. तापाने. नुकती बोलायला लागली होती.

९ जानेवारी

जेवणाच्या टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवायचे. "आज बाजारात काय घेतलंस, सांग." मला वाटायचं, माझे उच्चार सुधारताहेत. पोरीला पोचवून आल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा तेच — बाजारात काय घेतलंस!

१२ जानेवारी

शशिकिरण आला होता. यांचा लाडका विद्यार्थी, आता भाषाशिक्षण विभागाचा प्रमुख. नीर डोसे खाता खाता म्हणाला, "अम्मा, वर्षश्राद्धाला सरांच्या पठारावर चर्चासत्र ठेवलंय. तुमची टेप ऐकवू ना?"

"ती बाई मी, हे विभागात कुणाकुणाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच. आम्ही तुम्हाला पठारम्मा म्हणायचो. प्रेमानं हं, अम्मा."

माझ्या हातचा सारू-भात ओरपायची ही पोरं. आणि माझ्या चुका ऐकत बसायची.

"ऐकव," म्हटलं. "मीही येते."

त्याचा घास हातातच राहिला. "तुम्ही कशाला त्रास घेता?"

"आवाज माझाच ना?"

२० जानेवारी

प्रकरण पुन्हा वाचलं. रेवतीचं नाव कुठेच नाही.

२ फेब्रुवारी

काल चर्चासत्र झालं. टेप लावली आणि यांचा आवाज आला. किती तरुण! जीव तुटला माझा. राग मात्र तसूभर हलला नाही.

"बाजारात काय घेतलंस?"

"भाजी."

"कुठली?"

मी गप्प.

"भाव काय होता?"

मी गप्पच. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

मी उठले. म्हटलं, "तेव्हा माझी मुलगी नुकतीच गेली होती. माझं कन्नड थांबलं नव्हतं, मला बोलायचं नव्हतं. पुत्तूरहून आई आली होती, तिच्याशी तुळूतही मी एवढंच बोलत होते. ते नाही कुणी टेप केलं."

शशिकिरणने टेप बंद केली. एका विद्यार्थिनीने हळूच विचारलं, "अम्मा, सरांच्या लक्षात कसं नाही आलं?"

"पुस्तकातला माणूस," मी म्हणाले. "आमटीत मीठ नसलं तरी कळायचं नाही त्यांना."

लोक हसले. बघा, एवढं होऊन मी त्यांचीच बाजू सावरून आले.

५ फेब्रुवारी

शशिकिरणचा फोन. आधी तब्येत विचारली. मग म्हणाला, "अम्मा, तुमच्या घरात रेवतीचा फोटो बघून मी पुस्तक छापायच्या आधीच सरांना विचारलं होतं, हे पुस्तकात नको का यायला? सर म्हणाले, ते लिहिलं तर पठार उरत नाही."