गालातली सुपारी

आबा, काल मी दाढी काढली. बदनापूरच्या तुमच्याच दुकानात, तुमच्याच खुर्चीत बसून. दुकान आता तुमचा शिष्य चालवतो. त्याचेही केस पिकले.

गाल बसलेल्या म्हाताऱ्यांची दाढी करताना तुम्ही त्यांना गालात अख्खी सुपारी धरायला लावायचात. गाल फुगला की वस्तरा सरळ चालतो. मला एचआयव्ही असल्याचं घरात फक्त बायकोला माहीत होतं; बाप असून तुम्हालाही नाही. गोळ्यांनी जीव वाचवला, पण त्या जुन्या गोळ्यांनीच गालांतली चरबी नेली. औषधाच्या रांगेत आम्ही एकमेकांना गालांवरून ओळखायचो. उद्या गावही ओळखेल, ही धास्ती. आणि एका सकाळी मी तुमच्यासमोर बसलोय, तुम्ही साबण लावताय, तुमचं बोट गालावर थांबतं, आणि तुम्ही सुपारीचा डबा पुढे करता. "धर गालात." दुकानात चार माणसं. मी चाळिशीचाही नव्हतो. साबणासकट उठलो. "राजूरच्या गणपतीला बोललोय, दाढी ठेवायची." कशासाठी, ते तुम्ही कधीच विचारलं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी एवढंच, "फिटला का रे नवस?" तुम्ही गेलात, तेव्हा दहाव्याला मी डोक्याचे केस दिले, दाढी दिली नाही. नवसाचं नाव ऐकून भावकीही गप्प बसली.

पुढे गोळ्या बदलल्या; गाल काही भरले नाहीत. यंदा संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तपासण्या छान आहेत, मग मान खाली का?" मी म्हणालो, "दाखवायला गाल न्हाईत, मॅडम." त्यांनी गालांत इंजेक्शनं देऊन ते भरले. वर्ष-दीड वर्षानं परत यावं लागेल, म्हणाल्या.

"म्हंजे पंक्चर काढल्यावानी?"

"हवा भरल्यासारखं. पंक्चर नाही तुम्ही."

घरी बायकोनं दाढीत बोटं घालून दोन्ही गाल चाचपले. "काढा आता हे जंगल. मला बघू द्या."

म्हणून काल गेलो. शिष्यानं नवं ब्लेड लावलं, साबण फासला. सवयीनं हात डब्याकडे गेला. मग त्यानं बोटानं माझा गाल दाबून पाहिला आणि डबा बंद केला. "तुम्हाला न्हाई लागत, भाऊ. नवस फिटला म्हनायचा?"

"फिटला."

तिथून राजूरला गेलो, नारळ फोडला. आबा, मी कधी नवस बोललोच नव्हतो. गणपतीला काल ते सांगितलं. तुम्हाला आज सांगतोय. हा कागद गोळ्यांच्या डब्याखाली राहील.

अजून एक. निघताना तुमच्या डब्यातली एक सुपारी मी गुपचूप खिशात घातली. आत्ता लिहिताना ती गालात आहे. दाढ सुजल्यासारखा दिसत असेन, कारण बायको दारात उभी राहून हसतेय. तुमचं ऐकायला मला जरा उशीर झाला.