चतुर्थीच्या आत चांदीचा उंदीर

८ ऑगस्ट, शुक्रवार
व्यसनमुक्ती सेंटरमध्ये दाखल. कांजूरमार्ग. खिडकी उघडली की डम्पिंग ग्राउंडचा वास, बंद केली की रूममेट प्रांजलच्या मोज्यांचा. मी इथे फक्त पप्पांना बरं वाटावं म्हणून. चतुर्थीच्या आत मुलुंडला घरी. ठरलं.

९ ऑगस्ट
रूममधले दोघंही गुन्हेगार. पावडरसाठी नितेश सिग्नलला रिक्षातल्या बायकांचे मोबाइल खेचायचा. प्रांजलने सख्ख्या बहिणीची स्कूटी विकली आणि वर ती शोधायला तिच्याबरोबर अख्खं घाटकोपर फिरला. शी! यांच्या ब्रशशेजारी माझा ब्रश ठेवणार नाही.

११ ऑगस्ट
इथली पद्धत घाणेरडी. नव्या मुलाने सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, नशेसाठी कोणाचं काय उचललं. मी म्हटलं, काही नाही. काउन्सेलर नीलम मॅडम म्हणाल्या, आठव बाळा.
आठवलं ते चोरीत बसत नाही. आमच्या गणपतीपुढचा चांदीचा उंदीर वर्षभर माळ्यावरच्या डब्यात नुसता पडून असतो. घरचाच. विकला, पण तसाच दुसरा ठेवणार आहे. आई डबा चतुर्थीच्या आदल्या दिवशी उघडते. घाई त्याचीच.
नितेश म्हणाला, पहिल्यांदा मीपण काही नाहीच बोललो होतो, यार. यार म्हणे!

१७ ऑगस्ट, रविवार
भेटीचा दिवस. प्रांजलची आई आली. आत येण्याआधी पर्स वॉचमनकडे ठेवली, कानातलीसुद्धा काढली. किळस आली. पोटच्या पोराला भेटायला बाईने कान मोकळे करून यायचं! मी असतो तर पुन्हा तोंड दाखवलं नसतं.
आमच्याकडून कोणी नाही. साफसफाई निघाली असणार.

२० ऑगस्ट
प्लॅन: रविवारी आईच्या जरा लाडात यायचं, सुट्टी मागायची. प्रांजलला विचारलं, तुझ्या ओळखीने चांदीचा उंदीर मिळेल का, अर्जंट? तो म्हणाला, कोणाच्या घरचा उचलू?
या मुलांना काही पवित्रच नाही.

२४ ऑगस्ट, रविवार
आई आली. एकटीच. डेकोरेशन झालं म्हणाली. मग म्हणाली, सर्वेश, यंदा उंदीर शाडूचाच ठेवणार हं, मूर्तीवाल्याकडून आणला.
मी म्हटलं, का गं? चांदीचा कुठे गेला?
तिने मला जवळ घेतलं. माझ्या गालाला तिचा कान लागला. मोकळा. हातात पर्सही नव्हती.
कानातलं कुठे, विचारलं. म्हणाली, गडबडीत घालायचं राहिलं रे.
असेल. गणपतीची गडबड असतेच.
सुट्टीचं विचारायचं राहिलं.